सातशे सहा, युनियन ॲव्हेन्यू

ध्वनिमुद्रणालय म्हटले की काचेच्या भिंती, शेकडो कळांची यंत्रे आणि पन्नास-साठ वादकांचा ताफा डोळ्यांसमोर उभा राहतो. निदान माझ्या तरी राहत असे. त्यामुळे अमेरिकेतील मेम्फिस शहराच्या 'सन' या ध्वनिमुद्रणालयाविषयी वाचू लागले, तेव्हा पहिले आश्चर्य वाटले ते त्याच्या आकाराचे. समोर चिंचोळी कचेरी, मध्ये आपल्या वर्गखोलीहून मोठी नसलेली एक खोली आणि तिच्यामागे यंत्रांपुरती जागा. झाले ध्वनिमुद्रणालय! परंतु १९५० ते १९६० या दहा वर्षांत या खोलीतून जे संगीत बाहेर पडले, त्याने जगभरच्या तरुणांची आवड पालटून टाकली.

दुसरे आश्चर्य म्हणजे कापूस. या खोलीत आलेल्या जवळजवळ प्रत्येक गायकाच्या चरित्रात तो आढळतो. ध्वनिमुद्रणालय काढणारा सॅम फिलिप्स हा १९२३ साली अलाबामा राज्यात जन्मला. आठ भावंडांतला हा धाकटा. वडील दुसऱ्याच्या जमिनीत खंडाने शेती करीत. शेतात गोऱ्यांबरोबर कृष्णवर्णीय मजूरही वेचणीला असत आणि त्यांची गाणी सॅमने लहानपणीच ऐकली. पुढे घर चालवण्यासाठी त्याला शाळा सोडावी लागली. दर हंगामात मी आईबरोबर कापूस वेचायला जाते. बोंडाच्या टोकांनी बोटे कशी सोलतात आणि संध्याकाळी वजनकाट्यासमोर कसे उभे राहावे लागते, हे मला वाचून समजून घ्यावे लागले नाही. मेम्फिसच्या भोवतालीही मजुरी वजनावरच मिळे.

सॅम रेडिओवर निवेदक व तंत्रज्ञ म्हणून नोकरी करी. ती सांभाळूनच जानेवारी १९५० मध्ये त्याने ७०६, युनियन ॲव्हेन्यू येथे 'मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस' सुरू केली. रेडिओवरील त्याची सहकारी मॅरियन कीस्कर हिने कचेरी सांभाळली. लग्न असो, अंत्यविधी असो, जे सांगाल ते, जेथे सांगाल तेथे मुद्रित करून देऊ, अशी जाहिरात होती. पोट त्यावर भरायचे. मन मात्र दुसरीकडे होते. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, बसमधील जागा वेगळ्या, पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धा वेगळे. वेगळ्या पाणवठ्याचा अर्थ आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. अशा शहरात एका गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीय गायकांसाठी दार उघडे ठेवले, ही गोष्ट साधी नव्हे.

बी. बी. किंग आरंभीच्या काळात येथे गायला. चाळिशी गाठलेला, शेतात राबलेला, घोगऱ्या आवाजाचा हाउलिन वुल्फ १९५१ साली आला. आपल्याला सापडलेल्या सर्व गायकांत हा थोर, असे फिलिप्स शेवटपर्यंत मानत असे. त्याच वर्षी मार्च महिन्यात आइक टर्नरचे वादक मिसिसिपीहून मोटारीने आले. वाटेत त्यांच्या गिटारचा ॲम्प्लिफायर बिघडला. तो मोटारीच्या टपावरून पडला म्हणतात, कोणी पावसाने भिजला म्हणतात. त्याच्या कर्ण्याचा पडदा फाटला होता. दुसरा कोणी असता तर त्यांना परत पाठवता. फिलिप्सने त्यात कागदाचा बोळा कोंबला. गिटारचा आवाज खरखरीत, फाटका येऊ लागला. त्याला तो आवडला आणि त्याने तो तसाच ठेवला. 'रॉकेट ८८' हे ते गाणे. शिकागोच्या चेस कंपनीने ते प्रसिद्ध केले, ते कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि पुष्कळ जण त्याला पहिले रॉक अँड रोल गाणे समजतात. तबकडीवर नाव मात्र आइक टर्नरचे नव्हे, त्याच्या ताफ्यातील गायक जॅकी ब्रेन्स्टनचे छापले गेले.

१९५२ साली फिलिप्सने 'सन' ही स्वतःची तबकड्यांची कंपनी काढली. पुढच्याच वर्षी टेनेसीच्या तुरुंगातील पाच कैद्यांना हत्यारबंद पहाऱ्यात या खोलीत आणून गायला लावले गेले. ती तबकडी निघाली आणि कैदी पुन्हा तुरुंगात गेले. हा प्रसंग मी दोनदा वाचला.

आता थोडे तंत्राविषयी. त्या वेळी फितीवर एकच पट्टा असे. आज गायकाचा आवाज एके दिवशी आणि वाद्ये दुसऱ्या दिवशी मुद्रित करून मग जुळवता येतात. येथे सर्वांनी एकाच वेळी गायचे-वाजवायचे. ज्याचा आवाज मोठा हवा त्याला माइकजवळ उभे करायचे, दुसऱ्याला मागे सरकवायचे. एक जण चुकला की पुन्हा पहिल्यापासून. 'सन'च्या गाण्यांत प्रत्येक शब्दामागे जो झटपट प्रतिध्वनी ऐकू येतो, तो रिकाम्या दालनाचा नव्हे. मुद्रणयंत्रात फीत आधी आवाज टिपणाऱ्या हेडखालून व मग ऐकवणाऱ्या हेडखालून जाते. दोहोंत दोनेक इंचांचे अंतर असते. फीत सेकंदाला १५ इंच धावत असेल तर दुसऱ्या हेडवरचा आवाज सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याने मागे पडतो. फिलिप्सने दुसरे यंत्र जोडून हा मागे पडलेला आवाज मूळ आवाजात मिसळला. खोली लहानच राहिली, गाणे मात्र मोठे झाले.

१९५३ च्या उन्हाळ्यात एल्व्हिस प्रेस्ली नावाचा अठरा वर्षांचा मुलगा सुमारे चार डॉलर देऊन दोन गाणी मुद्रित करून घेण्यास आला. मॅरियनने त्याचे नाव टिपून ठेवले आणि पुढे चांगला गायक असल्याचा शेराही लिहिला. (या टिपणाचा उल्लेख बहुतेक जण एका ओळीत उरकतात. मला तो पुरेसा वाटत नाही.) ५ जुलै १९५४ रोजी, ट्रकचालक म्हणून काम करणाऱ्या या मुलाला गिटारवादक स्कॉटी मूर व बासवादक बिल ब्लॅक यांच्याबरोबर बोलावले गेले. संथ गाणी काही केल्या जमेनात. मधल्या विश्रांतीत एल्व्हिस गंमत म्हणून 'दॅट्स ऑल राइट' गाऊ लागला, दोघांनी साथ धरली, आणि आतून फिलिप्सने तेच पुन्हा पहिल्यापासून वाजवायला सांगितले. त्यात ढोल नाही, तीनच माणसे.

हे गाणे मूळचे आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे, १९४६ साली शिकागोत मुद्रित झालेले. ते पुढे जगभर गाजले, पण क्रूडपला त्याचा न्याय्य मोबदला मिळाला नाही. मजुरी करीतच तो जगला आणि १९७४ साली गरिबीत वारला. रूफस थॉमस या गायकाने 'सन'ला १९५३ साली पहिले मोठे यश मिळवून दिले होते. एल्व्हिस आल्यावर फिलिप्सने आम्हा कृष्णवर्णीयांना सोडून दिले, असे तो पुढे उघड म्हणत असे. हे खोटे नाही. १९५४ नंतरची यादी पाहिली तर गोरी नावेच पुढे दिसतात. फिलिप्सने दार उघडले याचे श्रेय त्याला द्यावेच. पण त्याच दारातून कोण पुढे गेले आणि कोण मागे राहिले, हेही त्याच लेखात लिहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

कर्जापायी नोव्हेंबर १९५५ मध्ये एल्व्हिसचा करार ३५,००० डॉलरना आरसीए कंपनीला विकला गेला. त्यानंतर कार्ल पर्किन्सचे 'ब्लू स्वेड शूज' गाजले. हाही कापूस वेचून वाढलेला, शेतातल्या एका वृद्ध कृष्णवर्णीय मजुराकडून गिटार शिकलेला. आर्कान्साच्या कापसाच्या शेतातून आलेल्या जॉनी कॅशजवळ ढोलवादक नव्हता. त्याने गिटारच्या तारांत कागद अडकवून ढोलासारखा ठेका काढला. जेरी ली लुईस बापाबरोबर लुइझियानाहून आला, तो वाटखर्चासाठी अंडी विकून. ४ डिसेंबर १९५६ रोजी हे चौघे योगायोगाने या खोलीत जमले. पर्किन्सचे मुद्रण चालू होते, लुईस पियानोवर होता, एल्व्हिस सहज डोकावला. फीत फिरत राहिली. कीर्तीच्या शिखरावरील ही मुले गाऊ लागली ती बहुतांशी लहानपणी चर्चमध्ये शिकलेली भजने. ते मुद्रण १९८१ पर्यंत प्रसिद्ध झाले नव्हते.

१९६० साली फिलिप्स मोठ्या जागेत गेला. २००३ साली तो वारला आणि त्याच वर्षी या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तेथील ध्वनिमुद्रण १९८७ पासून पुन्हा सुरू झाले होते. दिवसा प्रवासी येऊन खोली पाहतात. रात्री ते गेल्यावर नवे गायक येतात आणि त्याच छताखाली माइक लावले जातात.