युवक अभ्यासपाठ : चलन भरले, पण परवान्याचे काय?

वाचन : रोमकरांस पत्र, अध्याय 13, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 25

तुमच्या देणग्यांतून सातपुड्यातील मुले गाडी चालवायला शिकतात. त्यांच्या युवक वर्गात मी हा पाठ घेतला. तो तुमच्यासमोरही ठेवावासा वाटतो, कारण त्यातला एक भाग आपल्या मंडळ्यांना लागू आहे.

ब्रिटनमध्ये नव्या चालकाच्या नावावर पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण जमले की परवाना रद्द होतो आणि दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात थेट निलंबन आहे. मुलांना मात्र वाटते, चलन भरले की प्रकरण मिटले. तसे नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसणे, दुचाकीवर तिघे बसणे, अतिवेग, धोकादायक चालवणे, दारू पिऊन चालवणे अशा गुन्ह्यांत पोलीस परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. तडजोडीचा दंड भरला तरी ही कारवाई थांबत नाही. पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, दुसऱ्या वेळी परवानाच रद्द. जीपवर रोजंदारी करणाऱ्या मुलाला तीन महिने म्हणजे काय, हे धडगाव-अक्कलकुव्याकडच्या घरांत सांगावे लागत नाही. आणि मोटारसायकलवरचा गुन्हा जीपच्या कामावरही येऊ शकतो, कारण परवाना एकच!

परवाना जप्त झाल्यावर जी पावती मिळते, ती नीट जपावी. पण तिच्यावर गाडी चालवता येत नाही. कलम 206(4) मध्ये हे स्पष्ट आहे. अपात्र ठरलेला असताना गाडी चालवली तर 10,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आदेश काढण्यापूर्वी आरटीओने चालकाचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. नोटीस आली की मुले घाबरून घरी बसतात. असे करू नये. पौलाने अधिकाऱ्यांचा मान राखला, तरी फेस्तासमोर आपला हक्क सोडला नाही. त्याने कैसराकडे दाद मागितली. आपणही नंदुरबारला जावे, सोबत लिहिता-वाचता येणारा माणूस न्यावा, जे घडले ते खरे सांगावे. खोटा साक्षीदार उभा करू नये, कोणाच्या हातावर काही ठेवू नये. आदेश पटला नाही तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते. निलंबन झालेच तर उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते.

आता मंडळ्यांविषयी. रविवारी उपासनेला येताना एका मोटारसायकलवर सेवक, त्यांची पत्नी आणि मध्ये लेकरू, हे दृश्य आपण कौतुकाने पाहतो. कायदा चालकाशिवाय एकाच माणसाला परवानगी देतो. लेकराची सूट नाही. शिवाय तसे चालवू देणाराही दोषी ठरतो. म्हणजे गाडी मंडळीची असेल, तर प्रश्न पंचांनाही विचारला जाईल. बस दुर्मीळ आहे, चांदसैली घाट अवघड आहे, हे मला मान्य आहे. म्हणून माझी विनंती एवढीच : पुढच्या वेळी मोटारसायकलसाठी देणगी द्याल, तेव्हा दोन हेल्मेटही द्या, आणि तिसऱ्या माणसाच्या जीपभाड्यासाठी थोडे पैसे वेगळे काढा.

चर्चेसाठी प्रश्न : तुमच्या मंडळीच्या गाड्या सध्या कोण चालवते, आणि त्यांचे परवाने शेवटचे कोणी पाहिले होते?