अंगावरील डाग आणि हातातील फोन

फोटो घेतला म्हणजे कातडीचा रोग सांगणारी ॲप मोबाइल फोनवर निघाली आहेत, ही वार्ता आमच्या पुष्कळ उपदेशकांच्या कानी गेली असेल. अशा ॲपने कुष्ठरोग ओळखता येतो काय? ह्या पाठात आम्ही एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहो. तो प्रश्न लहान नाही. भारतात दर वर्षी कुष्ठरोगाचे सुमारे एक लाख नवे रोगी सापडतात. जगातील अर्ध्याहून अधिक रोगी ते हेच. औषधाने रोग बरा होतो. पण उशीर झाल्यास झडलेली बोटे आणि गेलेली दृष्टी औषधाने परत येत नाही.

ही ॲप दोन तऱ्हेची आहेत. पहिल्या तऱ्हेत आपण लक्षणे निवडावयाची, आणि कोणते रोग संभवतात ते ॲपने चित्रांसह दाखवावयाचे. नेदरलंड्समधील एका कुष्ठरोगनिवारण संस्थेने असे ‘स्किनॲप’ तयार केले व मोझांबिक आणि नायजेरिया येथील आरोग्यसेवकांच्या हाती देऊन त्याची पारख केली. जागतिक आरोग्य संघटनेचेही ‘स्किन एनटीडीज’ नावाचे ॲप आहे व ते फुकट मिळते. ह्यांना आम्ही खिशातील पाठ्यपुस्तक म्हणू. दुसऱ्या तऱ्हेत यंत्र स्वतःच फोटो पाहून मत देते. त्याला आधी रोग्यांचे पुष्कळ फोटो दाखवून शिकविलेले असते, आणि त्याने जे पाहिले तेवढेच त्याला कळते. आजवर शिकवणीचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे होते. सावळ्या अंगावर तोच डाग निराळा दिसतो, हे आपल्या लोकांनी विसरू नये.

ब्राझील देशातील एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. तेथील फिओक्रुझ संस्थेच्या संशोधकांनी २२२ रोग्यांच्या डागांचे फोटो घेतले व त्यांसोबत प्रत्येकाची लक्षणेही टिपून ठेवली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असे दिसते की, फोटो आणि लक्षणे ही दोन्ही एकत्र दिली तेव्हा यंत्राचा निर्णय शेकडा ९०च्या सुमारास बरोबर आला. आता त्यात वजनदार लक्षण कोणते ठरले? डागावर ऊन व थंड न कळणे! म्हणजे जी गोष्ट कोणत्याही फोटोत उतरत नाही तीच. कातडी बधिर झाली आहे की नाही, हे कॅमेऱ्याला कधीही दिसणार नाही. ते माणसाने माणसाजवळ बसून विचारावे लागते.

तर ते कसे विचारावे? रोग्याला उजेडात बसवावे. बॉलपेनाचे टोक किंवा कापसाची बारीक वात घेऊन आधी निरोगी जागी हळूच टेकवावी, आणि जेथे स्पर्श कळेल तेथे त्याने बोट ठेवावे असे सांगावे. हे त्याला नीट समजले म्हणजे डोळे मिटावयास सांगून डागावर, मग डागाबाहेर, पुन्हा डागावर असे टेकवीत जावे. टाचणी टोचू नये, घासूही नये. घाई केल्यास लाजरा मनुष्य न कळताही ‘कळले’ म्हणतो. फिकट किंवा तांबूस डाग, त्यावर खाज नाही, घाम नाही, आणि स्पर्श कळत नाही, असे आढळल्यास त्याला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, पण त्यावर स्पर्श कळतो. शिब्यांवरून बारीक कोंडा निघतो. नायट्याची कड उठलेली असून तो खाजतो. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असते, आणि औषध घरातील सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. ह्या चौघांत ॲपचे साहाय्य बरे होते. परंतु कुष्ठरोगाचा एक प्रकार असा आहे की त्यात ठळक डागच नसतो. कानाच्या पाळ्या जाड होतात, चेहरा तुकतुकीत दिसतो, भुवया विरळ होतात. अशा मनुष्याला पुष्कळदा लोक ‘अंगाने भरला’ म्हणतात! येथे फोटोवर विसंबून स्वस्थ बसल्यास मोठी हानी होईल.

आता फोटोविषयी. त्या मनुष्याला विचारल्यावाचून फोटो घेऊ नये. तोंड दिसू देऊ नये. स्त्रीचा फोटो स्त्रीनेच घ्यावा. आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात तो मुळीच टाकू नये. प्रार्थनेची विनंती म्हणूनही नाही. एका फोटोने मुलीचे लग्न मोडते. १८६९च्या ज्या घटस्फोटाच्या कायद्याखाली आम्ही ख्रिस्ती लोक येतो, त्यातून कुष्ठरोगाचे कारण २०१९ साली काढून टाकण्यात आले. पण गावचे मन कायद्याइतके लवकर बदलत नाही. लेवीय पुस्तकाच्या १३व्या अध्यायात याजक डाग पाहून निर्णय देतो, म्हणून काही उपदेशकांना वाटते की आपणही द्यावा. तेथे सांगितलेला रोग आणि आजचा कुष्ठरोग एकच, असे विद्वान मानीत नाहीत. आणि आमचे काम निर्णयाचे नसून सोबतीचे आहे. रोगाचे नाव डॉक्टरांनी सांगावे.

औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे ते सहा किंवा बारा महिने घ्यावयाचे असते, व सुरू केल्यावर थोड्याच काळात दुसऱ्याला लागण होण्याचे भय उरत नाही. महिन्यातून एकदा घ्यावयाच्या मात्रेने त्या दिवशी लघवी लाल होते, आणि एका गोळीने अंगाचा रंग काळवंडतो. हे आधी सांगितले नाही तर रोगी भिऊन औषध टाकतो. रंग पुढे निवळतो. मात्र उपचार चालू असता शीर ठणकू लागली, डाग एकाएकी सुजले, हात लुळा पडू लागला किंवा डोळा लाल झाला, तर ॲप उघडीत बसू नये. त्याच दिवशी गाडी करून त्याला दवाखान्यात न्यावे.