गळ, आमिष आणि रात्रीची वेळ

मासा धरणें हा केवळ दैवाचा खेळ आहे असें पुष्कळांस वाटतें. आणि रात्रीं गळ टाकून बसणारा मनुष्य तर लोकांस अधिकच दैववादी वाटतो. परंतु ज्या विद्येस निरीक्षणाचा आधार आहे ती दैवाच्या हातीं सोंपविण्याचें कारण नाहीं. कोणत्या वेळीं, कोणत्या पाण्यांत, कोणतें आमिष माशापुढें ठेवावें, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें सृष्टिशास्त्राच्या साध्या नियमांवरून काढतां येतात. तीं कशीं काढावीं हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून देण्याचा आम्हीं येथें प्रयत्न केला आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यास पाणी मुबलक नाहीं; पण जें आहे त्याची वांटणी मोठी कौतुकाची आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेचें पाणी नळगंगा, ज्ञानगंगा इत्यादि नद्यांवाटे पूर्णेस मिळतें, पूर्णा तापीस मिळते आणि तें अखेर अरबी समुद्रांत जातें. दक्षिणेचें पाणी पैनगंगा व खडकपूर्णा ह्यांच्या वाटेनें गोदावरीच्या खोऱ्यांत उतरून बंगालच्या उपसागरास पोंचतें. बुलढाण्याजवळचें येळगांव, मोताळा तालुक्यांतील नळगंगा आणि देऊळगांव राजा तालुक्यांतील खडकपूर्णा ह्या धरणांमुळें जिल्ह्यांत मोठे जलाशय झाले आहेत. आपल्याकडील अशा पाण्यांत रोहू, कटला व मृगळ हे मासे असतात. ते बहुधा दिवसा कणकेच्या गोळीस लागतात. रात्रीचा विचार करावयाचा तो मुख्यतः मरळ, शिंगाळा, शिवडा आणि वाम ह्या चार मांसाहारी माशांचा.

हा विषय क्षुल्लक आहे असें कोणीं समजूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरण आहे; त्यांत माशांच्या जाती, त्यांचें खाद्य आणि गळाचें साहित्य ह्यांचें वर्णन केलें आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत कर्नल साइक्स ह्यांनीं दक्षिणेंतील माशांचा अभ्यास केला, आणि १८३९ सालीं शिंगाळ्यास शास्त्रीय नांव देतांना आपल्या लोकांच्या तोंडचेंच नांव लॅटिन पद्धतीनें लिहून कायम केलें. आज जगांतील कोणत्याहि मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत हा मासा ‘सीनघाला’ ह्याच नांवानें सांपडतो. म्हणजे नदीकांठच्या भोई-कोळ्यांचें ज्ञान हीच ह्या शास्त्राची पहिली पायरी होय.

आतां मुख्य सिद्धांताकडे वळूं. आमिष निवडतांना आपण आपल्या डोळ्यांनीं निवडतों, ही नवशिक्यांची पहिली चूक. जें रंगीत व चकचकीत तें आपणांस आवडतें. पण तें गिळावयाचें आहे माशानें, आणि तेंहि अंधारांत. म्हणून माशास रात्रीं काय कळतें, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे.

प्रकाश मंद होत गेला म्हणजे रंग ओळखण्याची शक्ति प्रथम लोपते, आणि उरतें तें केवळ काळ्या-पांढऱ्याचें ज्ञान. लाल रंग तर सर्वांच्या आधीं काळवंडतो. ह्यास्तव रात्रीच्या आमिषाच्या रंगापेक्षां त्याची आकृति महत्त्वाची ठरते. खोल पाण्यांतून मासा वर पाहतो तेव्हां आकाश कितीहि काळोखें असलें तरी तें पाण्यापेक्षां किंचित् उजळ असतें. त्या उजळ पडद्यावर काळी वस्तु स्पष्ट उठून दिसते आणि पांढरी वस्तु त्यांत मिसळून जाते. अमेरिकेंत बास नांवाच्या माशासाठीं लोक रात्रीं गळ टाकतात. तो मासा आपल्या नद्यांत नाहीं. परंतु गवतांत व बुडालेल्या झाडांत दबा धरून भक्ष्यावर झडप घालण्याची त्याची रीत आपल्या मरळीसारखीच आहे. तेथील अनुभवी लोकहि रात्रीं काळें आमिष पसंत करतात, त्याचें कारण हेंच.

दृष्टीहून निराळें असें दुसरें इंद्रिय माशास आहे. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस एक बारीक रेघ दिसते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. जवळून एखादा प्राणी हलला कीं पाण्यांत जी सूक्ष्म लहर उठते ती ह्या रेषेनें माशास कळते. ह्यावरून दुसरा नियम निघतो : रात्रीं आमिष हळू व सारख्या गतीनें ओढावें. दिवसा झटके देऊन ओढलेलें आमिष मासा डोळ्यांनीं गांठूं शकतो. रात्रीं मात्र तें एकाएकीं दिशा बदलूं लागलें तर त्याचा माग चुकतो.

तिसरें साधन गंध व रुचि. शिंगाळा आणि शिवडा ह्यांच्या तोंडाभोंवतीं ज्या मिशा असतात त्यांवर रुचि जाणणारे सूक्ष्म अवयव आहेत. आपण जिभेनें जें करतों तें हे मासे मिशांनीं तळ चांचपून करतात. त्यांस काळें-पांढरें सारखेंच. त्यांस वास हवा. शिवाय रोहूच्या व शिंगाळ्याच्या वर्गांतील माशांत वाताशय आणि कान ह्यांना जोडणारीं लहान हाडें असतात. वेबर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें त्यांचें वर्णन १८२० सालीं केलें. त्यांच्यामुळें ह्या माशांस ऐकूं फार चांगलें येतें. कांठावरील बोलण्याचा आवाज हवेंतून पाण्यांत फारच थोडा शिरतो. पण दगडावर आपटलेल्या पायाचा धक्का जमिनीवाटे थेट पाण्यांत जातो. तेव्हां गप्पा मारणाऱ्यापेक्षां येरझारा घालणारा मनुष्य मासे अधिक पळवितो.

एवढें समजल्यावर आमिषाची निवड सोपी होते. मरळीसाठीं गवताच्या कडेनें, पाण्याच्या पृष्ठावरून, काळ्या रंगाचा रबरी किंवा लांकडी बेडूक सावकाश ओढावा. जिवंत बेडूक गळास टोंचण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. परंतु ती निर्दय आहे, आणि बेडूक शेतांतील किडे खाऊन शेतकऱ्याचें काम करतो हेंहि विसरतां कामा नये. शिवडा व शिंगाळा ह्यांच्यासाठीं लहान माशाचा तुकडा, झिंगे किंवा कोंबडीचीं आंतडीं शिशाच्या वजनानें तळाशीं सोडावीं आणि हलवूं नयेत. वाम दिवसा चिखलांत व दगडांच्या कपारींत पडून राहते आणि काळोख पडल्यावर बाहेर येते. तिला गांडुळासारखें दुसरें आमिष नाहीं.

आतां वेळेचा विचार. गालील समुद्रावर शिष्य रात्रभर श्रम करूनहि रिकाम्या हातांनीं परतले, ही शुभवर्तमानांतील कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहे. रात्र झाली म्हणजे मासा लागतोच असें नाहीं. रात्रीचेहि प्रहर सारखे नसतात. पाण्यांत विरघळणारा प्राणवायु उष्णतेबरोबर कमी होतो. २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत तो अधिकांत अधिक सुमारें ९ मिलिग्रॅम राहतो, तर ३० अंशांच्या पाण्यांत सुमारें साडेसात. आपल्याकडे वैशाखाच्या दुपारीं उथळ पाणी तापतें, मासे खोल सांवलींत जातात, आणि ऊन उतरल्यावर भक्ष्यासाठीं कांठाकडे येतात. म्हणून उन्हाळ्यांत तिन्हीसांजेपासून पुढचे दोन-तीन तास उत्तम. मरळीसाठीं तिन्हीसांज आणि झुंजुमुंजु ह्या दोन संधिकालांकडे विशेष लक्ष द्यावें. शिवडा व वाम गर्द काळोखांतहि चरतात.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सूर्यप्रकाशांत पाणवनस्पति प्राणवायु सोडतात, पण रात्रीं त्याहि तो वापरतात. त्यामुळें शेंवाळानें भरलेल्या सांचलेल्या तळ्यांत पहांटे प्राणवायु सर्वांत कमी असतो. अशा वेळीं मासे तोंड उघडून वर आलेले दिसले तर ते भुकेलेले नसून गुदमरलेले असतात, आणि आमिषाकडे पाहतहि नाहींत. मरळ मात्र हवेंतून श्वास घेऊं शकते. तिला ही अडचण कमी.

चंद्राविषयीं मतें पुष्कळ आहेत. पौर्णिमेच्या उजेडांत डोळ्यांनीं शिकार करणाऱ्या माशास भक्ष्य दिसतें, पण भक्ष्यासहि तो दिसतो. अमावास्येस वासावर चालणाऱ्या माशाचें कांहींच अडत नाहीं. कंदील बाळगावा, पण त्याचा झोत पाण्यावर फिरवूं नये. एका जागीं स्थिर ठेवलेल्या दिव्याभोंवतीं किडे जमतात, किड्यांमागें लहान मासे येतात आणि त्यांच्यामागें मोठे. आपल्या डोळ्यांसहि अंधाराची पुरी संवय होण्यास सुमारें अर्धा तास लागतो. वारंवार दिवा डोळ्यांवर घेतल्यास ती संवय क्षणांत मोडते.

वेळेच्या शास्त्रांत गळ केव्हां टाकावा ह्यापेक्षां केव्हां टाकूं नये हें जाणणें अधिक मोलाचें आहे. पहिल्या पावसानें ओढे गढूळ होतात, गांडुळें वाहून येतात, आणि मासे अधाशासारखे गळास लागतात. परंतु हाच त्यांच्या विणीचा काळ. त्या वेळीं धरलेल्या मादीच्या पोटांत सहस्रावधि अंडीं असतात. मरळीचें जोडपें तर आपल्या पिलांची राखण करतें. तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर दिसला तर खालीं मायबाप आहेत असें समजावें. पिलांच्या रक्षणासाठीं ते समोर येईल त्यावर धांवून जातात, म्हणून त्या वेळीं त्यांस धरणें फार सोपें. आणि म्हणूनच तें अत्यंत गैर. एक जोडपें गेलें कीं तो सर्व पुंजका इतर माशांच्या तोंडीं पडतो, आणि दोन माशांच्या लोभानें पुढील वर्षाचें तळें रिकामें होतें. सम्राट अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मासाच्या पौर्णिमांस व इतर ठराविक दिवशीं मासे मारण्यास व विकण्यास बंदी घातली होती. बावीसशें वर्षांपूर्वींच्या राजास जें सुचलें तें आम्हांस शाळेंत शिकूनहि सुचूं नये काय?

ह्याच न्यायानें सुरुंगाच्या दारूनें किंवा विषानें मासे मारणें हें पाप तर आहेच, पण १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानें तो गुन्हाहि ठरविला आहे. विषानें मोठ्याबरोबर बोटाएवढें पिलूहि मरतें. तसेंच मोठ्या जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. तो त्यांच्या पोटाचा उद्योग आहे. त्यांची परवानगी घेतल्यावांचून तेथें गळ टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतांतील कणसें तोडणें होय.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलांस रात्रीं पाण्यावर एकटें जाऊं देऊं नये. धरणाच्या भिंतीवरून किंवा सांडव्याजवळून गळ टाकूं नये. पाणी केव्हां सोडतील ह्याचा नेम नसतो. घोणस व मण्यार हे विषारी साप रात्रींच फिरतात. पायांत जाड जोडे व हातांत काठी असावी. दंश झालाच तर जखम कापीत किंवा मंत्र-तंत्र करीत न बसतां रोग्यास हालचाल करूं न देतां तडक सरकारी दवाखान्यांत न्यावें.

विद्यार्थिमित्रहो, एक वही करा. तींत तिथि, तास, पाण्याचा गढूळपणा, वारा, आमिष आणि लागलेला मासा हीं नोंदवा. आणि ज्या रात्रीं कांहींच लागलें नाहीं तीहि वगळूं नका, कारण तिच्यावांचून इतर रात्रींचा अर्थ लागत नाहीं. वर्षभरांत अशा तीस रात्रींची प्रामाणिक नोंद ज्याच्या वहींत असेल, त्यास चंद्राविषयींच्या वादांत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं. टोपलींत मासा कमी असो वा अधिक. आपल्या डोळ्यांपेक्षां निराळ्या डोळ्यांनीं जग कसें जाणलें जातें हें ज्यास उमगलें, त्याची रात्र वायां गेली असें आम्ही म्हणणार नाहीं.