पवनचक्कीच्या पात्याला पीळ हवा

आषाढात मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला येताना आडवा वारा दुचाकी हलवतो. असा वारा पाहिला की घाटमाथ्यावरच्या शेतात छोटी पवनचक्की लावावीशी वाटते आणि डोळ्यांपुढे येतात ती रुंद, जाडजूड पाती. पाणी उपसणाऱ्या जुन्या पवनचक्कीला ती शोभतात, कारण तिला हळू पण ताकदीनं फिरायचं असतं. विजेला मात्र वेग लागतो. त्यासाठी तीन सडपातळ, पीळदार पाती बसवावीत.

1. वारा मोजा. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनानुसार बदलते. 1 मीटर लांब पात्यांच्या घेरातून सेकंदाला 5 मीटर वेगाचा वारा गेला, तर त्यात सुमारे 240 वॅट असतात. 4 मीटर वेगाला त्याच्या निम्मेच. म्हणून झाडांच्या आडोशातून वर निघेल असा उंच खांब आधी उभारा. बेट्झ यांच्या नियमानुसार वाऱ्यातल्या ताकदीच्या 59.3 टक्क्यांहून जास्त कुणालाच काढता येत नाही. 5 मीटरच्या वाऱ्यात घरगुती चक्कीतून 60-70 वॅट मिळाले तरी काम चांगलं झालं म्हणायचं.

2. पात्याची रुंदी उतरती ठेवा. आसापासून पाव मीटरवर 18 सेंमी, मध्यावर 11, टोकाला 6.

3. पीळ द्या. दुचाकी वेगात असली की आडवा वाराही समोरून लागतो. पात्याचंही तसंच. 5 मीटरच्या वाऱ्यात टोक ताशी 108 किलोमीटरने पळतं, तर पाव मीटरवरचा भाग 27 ने. दोघांना वारा वेगळ्या दिशेनं लागतो, म्हणून कोनही वेगळा हवा: फिरण्याच्या प्रतलापासून पाव मीटरवर 17 अंश, मध्यावर 7, टोकाला 1. तिन्ही ठिकाणचे पुठ्ठ्याचे साचे कापून ठेवा आणि लाकडावर रंधा मारताना लावून बघत चला.

4. कडा घडवा. वाऱ्याकडची बाजू सपाट, मागची फुगीर. पुढची कड गोल, मागची पातळ. शेवटी पॉलिश पेपरने गुळगुळीत करून रंग द्या. उन्हाळ्यातल्या धुळीने पुढची कड आधी खरबरीत होते. ती दरवर्षी तपासा.

5. समतोल साधा. तिन्ही पाती एकाच वजनाची, टोकाटोकातलं अंतर सारखं. चाक आसावर मोकळं सोडल्यावर एकच पातं वारंवार खाली येत असेल तर ते जड आहे.

6. एका वेळी एकच बदल करा. वाऱ्याचा वेग आणि मिळालेले वॅट वहीत शेजारी-शेजारी लिहा. लांबी वाढवायची ती यानंतर: 1 मीटरचं पातं 1.2 मीटर केलं की घेराचं क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढतं. पण नव्या लांबीला रुंदी आणि पीळ पुन्हा आखावे लागतात आणि जनित्रालाही कमी फेऱ्यांवर चालावं लागतं.

वादळात चक्की वाऱ्यापासून वळवणारं शेपूट आणि ब्रेक बसवल्याशिवाय खांबावर चाक चढवू नका.