दुरुस्तीनंतर तापणारें इंजिन

मोटार अगर ट्रॅक्टर दुरुस्त करून आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं इंजिनांत नवाच दोष आढळतो, ही तक्रार शेतकरी बंधूंकडून वारंवार ऐकूं येते. वसमत तालुक्यांतील कुरुंद्यासारख्या गांवीं ऊस, केळी व हळद वेळेवर पोंचवावी लागते. तेथें ऐन हंगामांत गाडी पुन्हां वसमतेस किंवा नांदेडास ओढून नेणें परवडत नाहीं. असा दोष कसा ओळखावा व ओळखल्यावर प्रथम काय करावें, याचा विचार येथें करूं.

दुरुस्तीच्या पाठोपाठ आलेला प्रत्येक दोष मिस्त्रीच्या माथीं मारणें न्याय्य नाहीं. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडावी, तसेंहि घडतें. रेडिएटरचें गळकें झाकण बदललें कीं पाण्याच्या मार्गांतील दाब पूर्ववत् चढतो आणि दुसरीकडचा जुना, कुजलेला रबरी नळ फुटतो. त्यांत झाकण बदलणाऱ्याचा अपराध तो काय? तथापि शोधाचा आरंभ ज्या भागास हात लागला त्याच्यापासूनच करावा.

सर्वांत अधिक नुकसान करणारा प्रकार हेडच्या कामानंतरचा होय. इंजिन तापलें म्हणून हेड उतरवितात, नवी गॅस्केट घालतात आणि बोल्ट आवळून गाडी हवालीं करतात. परंतु फार तापलेलें हेड, विशेषतः ॲल्युमिनियमचें, किंचित् वांकण्याचा संभव असतो. वांकलेल्या पृष्ठभागाखालीं गॅस्केट कितीहि उत्तम असली तरी ती सर्वत्र सारखी दाबली जात नाहीं. यास्तव हेड उतरलेलें असतांनाच त्यावर अचूक सरळ पट्टी धरून फीलर गेजचें पातें खालून जातें कीं काय, हें पाहावयाचें असतें. आणि फट कारखानदारानें ठरविलेल्या मर्यादेबाहेर निघाल्यास तो पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून घ्यावयाचा, अथवा हेडच बदलावयाचें. बोल्टहि सामान्यतः मध्यापासून कडेकडे, नेमल्या क्रमानें, टॉर्क पान्यानें टप्प्याटप्प्यानें आवळावे लागतात. कित्येक इंजिनांचे बोल्ट एकदां ताणले गेले कीं पुन्हां वापरावयाचे नसतात. हें सर्व झालें कीं नाहीं, असें गाडी घेतांना विचारण्यांत संकोच कसला?

हेड नीट बसलें नसल्यास रेडिएटरमधील पाणी बाहेर न गळतां कमी होतें, इंजिन गरम झाल्यावरहि सायलेन्सरांतून पांढरा धूर निघत राहतो, आणि कधीं कधीं तेलाच्या झाकणाखालीं दुधाळ चहासारखा चिकटा दिसतो. तेलांत पाणी मिसळल्याची ती खूण असूं शकते. अशा तेलानें बेअरिंगें थोडक्या वेळांत खराब होतात. म्हणून ‘एवढी खेप पोंचवूं, मग पाहूं’ हा विचार फार महागांत पडतो. रेडिएटरचें झाकण मात्र तप्त असतां कदापि उघडूं नये. वाफेनें तोंड व हात भाजतात.

तापमानाचा कांटा खालीं आहे म्हणून निश्चिंत राहणेंहि बरें नव्हे. पाणी फार घटून तापमापक उघडा पडला तर इंजिन जळत असतांनाहि कांटा खालींच राहूं शकतो. उलटपक्षीं, नवें पाणी भरतांना मार्गांत हवा अडकली तरीहि इंजिन तापतें. हा दोष अगदीं क्षुल्लक असल्यामुळें हेड पुन्हां उतरविण्यापूर्वीं हवा काढून पाहावी.

डिझेलचा फिल्टर बदलल्यावर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडूं लागलें, तर तेथेंहि बहुधा हवाच शिरलेली असते. जुन्या धर्तीच्या इंजिनांत हातपंप मारून, फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहूं द्यावें. नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजार बारहूनहि अधिक असतो. त्याचे नळ घरीं उघडणें जिवावर बेतेल. तेलाच्या दाबाचा दिवा लागल्यास तर गाडी सुरक्षित जागीं थांबवून तत्क्षणीं इंजिन बंद करावें. जोडांवर प्रमाणाबाहेर लावलेल्या सीलंटचे तुकडे सुटून तेलाच्या पंपाची जाळी बुजल्यामुळेंहि असें होतें.

दोष दिसतांच दिनांक व मीटरवरील किलोमीटर लिहून ठेवावे, आणि पहिल्या मिस्त्रीस लेखी कळवून त्याला पाहूं देण्यापूर्वीं दुसऱ्याकडून इंजिन उघडवूं नये. पुरावा तेथेंच नाहींसा होतो. पक्कें बिल व काढलेले जुने भाग गाडी घेतांनाच मागून घ्यावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें बिल न देणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली असून, सदोष सेवेबद्दल तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे जातां येतें. दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाहीं. शिवाय तक्रारदार जेथें राहतो तेथील आयोगापुढेंहि तक्रार चालते. तेव्हां गाडी नांदेडास दुरुस्त झाली असली तरी कुरुंद्याच्या शेतकऱ्यास आपल्या हिंगोली जिल्ह्यांतच दाद मागतां येईल.