दुधाने भरलेले पोट आणि न जेवणारे मूल

पहिल्या वाढदिवसानंतर मुलाची भूक मंदावणे ही शरीराच्या वाढीशी जोडलेली स्वाभाविक गोष्ट असली, तरी मराठी घरांतून ती बहुधा आजार, हट्ट किंवा दृष्ट लागल्याचे लक्षण मानली जाते आणि तिच्यावर तातडीने उपाय शोधले जातात. जन्मवेळचे वजन साधारण ५ महिन्यांत दुप्पट आणि वर्षअखेरीस तिप्पट होते. त्यानंतरच्या संपूर्ण वर्षात मात्र जेमतेम २ ते २.५ किलोंची भर पडते. वाढीचा वेग असा उतरला की अन्नाची गरजही त्या प्रमाणात उतरते, आणि सहा-सात महिन्यांचे असताना वाटीभर मऊ भात आवडीने संपवणारे मूल दीड वर्षाचे झाल्यावर चार घासांनंतर तोंड फिरवू लागते.

याच वयात आणखी एक प्रवृत्ती डोके वर काढते. अनोळखी रंगाचा, वासाचा किंवा पोताचा पदार्थ मूल चाखण्याआधीच नाकारते. या प्रवृत्तीला आहारशास्त्रात नवअन्नभीती म्हणतात. चालू लागलेले आणि दिसेल ते तोंडात घालू शकणारे मूल अपायकारक वस्तूंपासून दूर राहावे, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज असावी असे अनेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या वर्षाच्या मध्यापासून पाच-सहा वर्षांपर्यंत ती कमी-अधिक प्रमाणात टिकते आणि पुढे बहुतेक मुलांत आपोआप ओसरते. म्हणजे भूक कमी होणे आणि नवे नाकारणे या दोन्ही गोष्टी मुळात निरुपद्रवी आहेत. त्यांवर घरातून जो उपाय होतो, तो मात्र पुष्कळदा उपद्रवी ठरतो, आणि त्या उपायाचे नाव दूध.

जेवले नाही तर निदान दूध तरी पोटात जावे, हा विचार मायेपोटी येतो, आणि दूध हे पूर्णान्न आहे या पिढ्यानपिढ्यांच्या श्रद्धेमुळे त्यावर कोणी शंकाही घेत नाही. परंतु हिशेब मांडला तर चित्र वेगळे दिसते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १००० किलोकॅलरी ऊर्जा पुरते, आणि एक लिटर म्हशीच्या दुधातून जवळजवळ तेवढीच ऊर्जा मिळते. पहाटे बाटली, सकाळी पेला, दुपारी झोपताना बाटली, संध्याकाळी बिस्कीट बुडवून पुन्हा पेला आणि रात्री उठले की आणखी एक बाटली, अशी बेरीज एका लिटरवर सहज जाते. असे मूल काहीच खात नाही हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नसते, कारण त्याने दिवसभराचे अन्न द्रवरूपात घेतलेले असते आणि ताटापुढे बसताना त्याला भूकच उरलेली नसते. ऊर्जा मिळाली तरी लोह मात्र मिळत नाही, ही यातली खरी हानी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार या वयाच्या मुलाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. लिटरभर दुधात ते एक-दोन मिलिग्रॅमच्या वर नसते. शिवाय दुधातील कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन इतर अन्नातील लोहाच्या शोषणालाही अडथळा आणतात, आणि काही मुलांत, विशेषतः वर्षाच्या आत वरचे दूध सुरू केलेल्या मुलांत, आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा अल्प रक्तस्रावही होत राहतो.

प्रस्तुत लेखिकेच्या घरातील अनुभव येथे नोंदवण्याचे कारण इतकेच की, ही सारी प्रक्रिया गुटगुटीत मुलातही किती बेमालूमपणे चालू राहते हे त्यातून कळते. लेखिकेची नात दीड वर्षाची असताना तिचे गाल भरलेले होते आणि वजन वाढीच्या तक्त्यात जिथे असायला हवे तिथेच होते. वरण-भाताच्या दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ती मान वळवी, आणि मग दुधाची बाटली पुढे येई. दाराच्या चौकटीजवळ बसून ती भिंतीचा सुटलेला चुन्याचा पोपडा नखाने उकरून तोंडात घालू लागली, तेव्हा घरच्यांनी ती बालसुलभ खोड समजून तिला रागे भरून उचलून घेतले. माती, खडू, पोपडे यांसारखे अखाद्य पदार्थ खाण्याची अशी ओढ हे पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, हे नंतर बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. त्यांनी मुलीची खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढून आतला फिकट भाग आईला दाखवला आणि पहिला प्रश्न ती काय खाते असा न विचारता दूध किती पिते असा विचारला. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त प्रथिन, डेसीलिटरला ८ ग्रॅमच्याही खाली निघाले.

असे घर विरळा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली आढळले होते. त्यामागे गरिबी, जंत, मातेचा रक्तक्षय अशी अनेक कारणे आहेत. दुधाचा अतिरेक हे मात्र खात्यापित्या घरांतले कारण आहे आणि म्हणूनच ते नजरेतून सुटते. त्यातून तयार होणारे चक्र ध्यानात घेतले पाहिजे: लोह कमी झाले की भूकही मंदावते, मूल चिडचिडे होते, घन अन्न आणखी नाकारते आणि त्यामुळे त्याला आणखी दूध पाजले जाते. आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची घडण वेगाने होत असल्याने या काळातील लोहाची तूट पुढे शिकण्याच्या क्षमतेवरही परिणाम करू शकते, आणि म्हणूनच मोठे झाल्यावर खाईल आपोआप असे म्हणून ही गोष्ट सोडून देणे योग्य नाही.

तेव्हा मूल जेवत नाही अशी तक्रार असलेल्या घराने नव्या पाककृती शोधण्यापूर्वी दिवसभरातले दूध मापून पाहावे. वरचे दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंतच असावे. दूध एवढे कमी केल्यास हाडे कच्ची राहतील ही भीती अनाठायी आहे, कारण या वयाची कॅल्शियमची गरज सुमारे ५०० मिलिग्रॅम असते आणि ४०० मिलिलिटर गायीच्या दुधातून तिचा बहुतांश भाग भागतो. उरलेला दही, ताक आणि नाचणी यांतून सहज मिळतो. (ही मर्यादा गायी-म्हशीच्या दुधाची आहे, आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवण्यास हरकत नाही.) बाटली पूर्ण बंद करून दूध पेल्यातून आणि जेवण झाल्यानंतरच द्यावे. रात्रीची बाटली सोडवणे सर्वांत कठीण जाते. त्या घरातही सुरुवातीच्या रात्री रडारडीच्या गेल्या आणि आईला धीर देण्याचे काम आजीला करावे लागले. परंतु दूध घटताच सकाळची भूक परतू लागली, आणि मुलीने आपणहून हात पुढे केलेला पहिला पदार्थ म्हणजे बशीत निवायला ठेवलेल्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा होता.

लोहासाठी काय द्यावे याविषयीच्या लोकसमजुती तपासून घेणे आवश्यक आहे. रंग लाल म्हणून बीट आणि डाळिंब रक्तवर्धक मानले जातात; प्रत्यक्षात १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमहून कमी आणि डाळिंबाच्या दाण्यांत अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते. याउलट कोरड्या मसूरडाळीत ते सुमारे ७, बाजरीत ६ च्या आसपास आणि अळिवात त्याहून कितीतरी अधिक असते. नाचणी ही कॅल्शियमसाठी अद्वितीय आहे, परंतु नाचणीसत्त्व दुधात शिजवून दिले की लोहाचा प्रश्न सुटला असे मानता येत नाही. मसूर-तांदळाची मऊ खिचडी, बाजरीच्या पिठाचे छोटे थालीपीठ, कुळथाचे पिठले, चवळीची घोटलेली उसळ, राजगिऱ्याचा शिरा, अळिवाची चिमूटभर घातलेली खीर हे पदार्थ कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात होण्यासारखे आहेत. मांसाहारी घरात खिमा, कलेजी आणि मासे यांना वेगळे महत्त्व आहे, कारण त्यांतील लोह वनस्पतीतील लोहापेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात शोषले जाते. शाकाहारी ताटातील लोहाचे शोषण वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे क जीवनसत्त्व: खिचडीवर पिळलेले लिंबू, पिकलेल्या पेरूची बिया काढलेली फोड, आवळ्याचा कीस. चहा नेमके उलटे काम करतो. त्यातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते, आणि चहात बुडवलेली खारी किंवा बिस्कीट हा लहान मुलांचा नाश्ता म्हणून जितक्या सहजपणे चालतो तितक्याच ठामपणे तो बंद होण्याची गरज आहे.

पदार्थ कोणता याइतकेच तो कसा पुढे येतो याला महत्त्व आहे. लीन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या आणि त्यांच्यानंतरच्या संशोधनातून दिसून आले आहे की, नवा पदार्थ आपलासा होण्यासाठी मुलाला तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही चाखायला मिळावा लागतो. घरातून मात्र दोन-तीन नकारांनंतरच त्याला हे आवडत नाही असा शिक्का बसतो. म्हणून ओळखीच्या वरण-भाताशेजारी नव्या भाजीचा बोराएवढा घास ठेवावा, त्याविषयी काही बोलू नये आणि तो तसाच उरला तर निमूटपणे उचलून ठेवावा. काय, कधी आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे आणि खायचे की नाही हे मुलाने, अशी जबाबदारीची विभागणी अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडली आणि ती आज व्यापक प्रमाणावर स्वीकारली जाते. तिचा अर्थ मुलाला वाटेल ते द्यावे असा होत नाही. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात सुरू केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात नुकतीच अंगावरून सुटलेली मुले आपले अन्न स्वतः निवडून उत्तम वाढली खरी, पण त्यांच्यापुढच्या ताटल्यांत केवळ साधे, प्रक्रिया न केलेले अन्न होते. साखर किंवा मैद्याचा पदार्थ निवडण्याची सोयच नव्हती. डब्यात क्रीमची बिस्किटे दिसत असताना मुलाने चवळी निवडावी ही अपेक्षा त्या प्रयोगाच्या नावावर खपवता येणार नाही. नाक दाबून भरवणे किंवा मोबाइलवरील चित्रफितीच्या नादात घास ढकलणे यांमुळे ताट त्या वेळेपुरते रिकामे होते, पण आपल्या भुकेची जाण मुलाला येत नाही. चिऊ-काऊच्या घासात निदान मूल आणि भरवणारी व्यक्ती एकमेकांकडे पाहत तरी असत.

घन अन्न देताना एक खबरदारी मात्र घ्यावी: पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे किंवा बोरे देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकतात. कूट करून किंवा उभे चार भाग करून तीच देता येतात.

दूध आवरून आणि आहार सुधारूनही मूल फिकट दिसत असेल, माती-खडू खात असेल, वजन तक्त्यावरच्या आपल्या रेषेवरून खाली घसरत असेल, घास गिळताना अडखळत असेल किंवा वारंवार उलट्या होत असतील, तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे, कारण एकदा रक्तक्षय झाला की तो केवळ आहाराने भरून येत नाही. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचे पातळ औषध आशा सेविकांमार्फत दिले जाते. ते रक्तक्षय टाळण्यासाठी असते, तर उपचारासाठीची मात्रा वजनानुसार डॉक्टर ठरवतात. हे औषध दुधाबरोबर न देता दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, शक्य तर लिंबाच्या सरबताबरोबर द्यावे. त्याने शौच काळसर होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरण्यासाठी औषध पुढे आणखी दोन-तीन महिने चालू ठेवावे लागते, आणि मूल आता चांगले जेवते आहे असे पाहून ते मध्येच बंद करण्याचा मोह बहुतेक घरांना नेमका याच टप्प्यावर होतो.