घरवाटा आधी : शेतमालापासून सोपे गोड पदार्थ



कांद्याची ट्रॉली विंचूरच्या उपबाजारात खाली झाली की घरी परतताना बिस्किटांचे पुडे किंवा मिठाईचा एखादा डबा घेण्याची पद्धत आता घरोघरी पडली आहे. मुलांना आनंद होतो, त्यात गैर काही नाही. पण थोडा विचार करा. आपण गहू विकतो आणि मैद्याची बिस्किटे विकत आणतो. शेंगा विकतो आणि चिक्कीची पाकिटे आणतो. द्राक्षे विकतो आणि सणाला शंभर ग्रॅम बेदाणा वाण्याकडून घेतो. निफाड तालुक्यासारख्या संपन्न भागात शेतात सर्व पिकते, पण घरच्या डब्यात त्यातले फार थोडे पोहोचते.

पूर्वी माल विकण्याआधी घरवाटा बाजूला निघत असे. द्राक्ष आणि कांदा ही नगदी पिके आल्यावर सर्व मालच बाजाराचा झाला आणि ही सवय मागे पडली. ती पुन्हा लावून घेण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. या लेखात द्राक्ष बागायतदाराच्या वर्षाला धरून चार सोपे पदार्थ दिले आहेत. प्रत्येक पदार्थाला लागणारा मुख्य माल आपल्याच शेतातला आहे आणि तो करताना घरातील सर्वांना हात लावता येतो.

१. गोडी छाटणीच्या दिवसांत : डांगराचे घारगे

ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी सुरू झाली की घरातील सर्वजण बागेत असतात. स्वयंपाकाला वेळ मिळत नाही. याच काळात बांधावरची डांगरे, म्हणजे लाल भोपळे, तयार झालेली असतात. त्यांचे घारगे सकाळी लवकर करून फडक्यात बांधून बागेत नेता येतात.

साहित्य : डांगराचा कीस २ वाट्या, चिरलेला गूळ १ वाटी, कणीक मावेल तेवढी (सुमारे २ वाट्या), तांदळाचे पीठ २ चमचे, चिमूटभर मीठ, तळण्यासाठी तेल.

कृती : कीस व गूळ एकत्र करून मंद आचेवर कीस मऊ होईपर्यंत शिजवावा. वेगळे पाणी घालू नये, कारण डांगराला व गुळाला स्वतःचे पाणी सुटते. मिश्रण थंड झाल्यावर मीठ, तांदळाचे पीठ व मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळावे. अर्ध्या तासाने लहान गोळे करून तेलाच्या हाताने थापावेत व मध्यम आचेवर तळावेत. आच मोठी ठेवल्यास गूळ करपतो व घारगे आतून कच्चे राहतात. हे घारगे दोन दिवस चांगले राहतात.

छाटणीला पेठ, सुरगाणा भागातून आलेली माणसे आपल्या बागेत असतात. घारगे करताना त्यांचीही गणती धरावी. ज्या बागेत दुपारी मालक-मजूर एका झाडाखाली बसून खातात, तिथे पुढच्या वर्षी माणसे आपणहून येतात.

२. कडाक्याच्या थंडीत : शेंगदाणा-तिळाचे लाडू

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा खूप खाली आला की द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या कराव्या लागतात आणि अर्धे घर जागे असते. अशा वेळी रिकाम्या पोटी चहा घेण्याऐवजी एक लाडू खाल्लेला बरा.

साहित्य : शेंगदाणे २ वाट्या, तीळ १ वाटी, किसलेला मऊ गूळ दीड वाटी, तूप २ चमचे, वेलची पूड.

कृती : शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून साले काढावीत. तीळ वेगळे भाजावेत, कारण ते लवकर भाजून होतात व शेंगदाण्यांबरोबर टाकल्यास करपतात. दोन्ही जाडसर कुटावेत. मिश्रण कोमट असतानाच गूळ घालून पुन्हा कुटावे. दाण्यांचे तेल सुटते आणि लाडू पाकाशिवाय वळले जातात. पाक नसल्याने भाजण्याची आच लागत नाही व लाडू वळण्याचे काम लहान मुलांवरही सोपवता येते.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. बुरशी लागलेले, काळपट, सुरकुतलेले किंवा कडू लागणारे दाणे निवडून फेकून द्यावेत. ओल्या शेंगांवर वाढणाऱ्या बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृताला घातक असून भाजल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. खराब दाणे गुरांनाही घालू नयेत, कारण ते विष दुधात उतरते. घरवाट्याच्या शेंगा हलवल्यावर आतले दाणे खुळखुळ वाजेपर्यंत वाळवाव्यात व शेंगा म्हणूनच साठवाव्यात. दाणे लागतील तसे फोडावेत.

घरातील स्त्रिया व वाढत्या वयाच्या मुली यांच्यात रक्ताची कमतरता पुष्कळ आढळते. तीळ, शेंगदाणे यांत लोह असते, पण ते अंगी लागण्यासाठी बरोबर पेरू, आवळा किंवा लिंबू असावे. खाल्ल्याबरोबर चहा घेतल्यास लोह कमी शोषले जाते. म्हणून चहा तासाभराने घ्यावा. लाडू हे औषध नव्हे. रक्त कमी असल्यास आरोग्य केंद्रात तपासणी करून गोळ्या घ्याव्यातच. आणखी एक : आपल्याकडे सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले बाईने खाण्याची रीत आहे. लाडवाच्या डब्यात तिचा वाटा पहिल्या दिवशीच वेगळा काढून ठेवावा.

३. काढणीच्या हंगामात : घरचा मनुका

फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी चालू असताना व्यापारी निवडक घड घेतो. सुटे मणी, लहान घड मागे राहतात व मातीमोल भावाने जातात. द्राक्षावर प्रक्रिया करून त्याचे मोल वाढते हे आपल्या भागाला नवे नाही. राज्य शासनाच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून विंचूरलाच वाइन पार्क उभे राहिले. तीच गोष्ट लहान प्रमाणात घरच्या गच्चीवर करता येते.

कृती : पूर्ण पिकलेले, पिवळसर झाक आलेले गोड मणी घ्यावेत. गोडी २० ब्रिक्सच्या वर असावी. कच्च्या मण्यांचा मनुका आंबट व चिवट होतो. मणी देठापासून काढून दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. पातेल्यात पाणी उकळून त्यात मणी सोडावेत. मणी वर तरंगू लागले व सालीला बारीक तडे दिसले की लगेच चाळणीत उपसावेत. तड्यांमुळे आतला ओलावा लवकर बाहेर पडतो. स्वच्छ कापडावर एकेरी थर पसरून उन्हात वाळवावेत. वरून पातळ जाळीचे कापड टाकावे व संध्याकाळी घरात घ्यावेत. मार्चच्या उन्हात साधारण चार ते सहा दिवस लागतात. दाबल्यावर रस न सुटता मनुका रबरासारखा परत फुगला म्हणजे झाला. सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो मनुका होतो. तो काचेच्या कोरड्या बरणीत भरावा व पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा पाहावा.

याचा रंग तपकिरी येतो. बाजारातील हिरवट बेदाण्यासाठी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवतात. घरगुती वापरासाठी त्याची गरज नाही.

सर्वांत महत्त्वाचे : घरवाट्यासाठी बांधाजवळची एखादी वेल खूण करून ठेवावी आणि तिच्यावरील शेवटच्या फवारणीची तारीख लिहावी. औषधाच्या लेबलवर फवारणी व काढणी यांत जे अंतर दिले आहे, ते निर्यातीच्या मालासाठी आपण पाळतोच. तेच आपल्या मुलांसाठीही पाळले पाहिजे. आंतरप्रवाही औषधांचा अंश मण्याच्या आत असतो, तो धुऊन जात नाही. तसेच चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे द्राक्ष देऊ नये, ते घशात अडकते. मण्याचे उभे चार तुकडे करून द्यावेत. मनुकाही त्यांना अख्खा न देता बारीक चिरून शिऱ्यात किंवा खिरीत घालावा.

हंगामाच्या धावपळीत मुलांच्या परीक्षा येतात आणि आई-वडिलांना त्यांच्याजवळ बसायला सवड नसते. मणी पसरणे व गोळा करणे हे अर्ध्या तासाचे काम त्यांच्याबरोबर करावे. मार्चमध्ये मुलांनी वाळवलेला मनुका भाद्रपदात गणपतीच्या शिऱ्यात पडतो, तेव्हा ते काम आपले होते हे मुले विसरत नाहीत.

४. नवा गहू घरी आल्यावर : बन्सी गव्हाची लापशी

निफाडजवळ कुंदेवाडी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधनाचे जुने केंद्र आहे. त्र्यंबक, तपोवन या पोळीच्या गव्हाबरोबरच पंचवटी व गोदावरी हे बन्सी गव्हाचे वाण तेथीलच. पंचवटी जिरायतीसाठी आहे, गोदावरी बागायतीसाठी. बन्सीचा दाणा कठीण असल्याने त्याचा रवा कणीदार पडतो आणि शेवया, कुरडया व लापशी मोकळी होते.

साहित्य : बन्सीची भरड १ वाटी, तूप २ चमचे, चिरलेला गूळ पाऊण वाटी, पाणी ३ वाट्या, मूठभर घरचा मनुका, सुंठ किंवा वेलची.

कृती : भरड तुपावर तांबूस भाजावी. उकळते पाणी घालून झाकण ठेवून पूर्ण मऊ शिजवावी. त्यानंतरच गूळ घालावा, कारण गूळ पडल्यावर दाणा आणखी शिजत नाही. मनुका घालून दोन वाफा द्याव्यात. दूध हवे असल्यास वाटीत वाढल्यावर थंड करून घालावे. गरम गुळात दूध नासण्याचा संभव असतो.

अनेक घरांत नव्या गव्हाचा पहिला घास नैवेद्य म्हणून दाखवतात, मग घरात वाढतात. त्या दिवशी सर्वांनी एका पंगतीला बसावे. वर्षाचे पीक कसे आले, कुठे चुकले, पुढे काय करायचे, हे बोलणे मुलांच्या कानावर त्याच वेळी पडते. शेतीचा हा धडा शाळेत मिळत नाही.

घरवाटा किती ठेवावा?

पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षासाठी बन्सी गहू २० किलो, भुईमूग शेंगा १० किलो, तीळ २ किलो, डांगरे ४-५ आणि मनुक्यासाठी द्राक्षे ८ किलो पुरेत. यासाठी जमीन किती लागते ते पाहा. बागायती गव्हाचे उत्पन्न हेक्टरी ४० क्विंटल धरले तर एका गुंठ्यात सुमारे ४० किलो गहू होतो. म्हणजे बन्सीसाठी अर्धा गुंठाही पुरतो. द्राक्षासाठी एखाद-दुसरी वेल, डांगरासाठी बांधावरचे दोन आळे. विक्रीच्या मालात यामुळे कमी पडल्याचे जाणवणारही नाही.

गूळ हाही साखरेसारखाच रक्तातील साखर वाढवतो. त्यामुळे घरात मधुमेह असलेल्यांनी हे पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याने व बेताने खावेत. इतरांनीही रोज नव्हे, वेळेवर खावेत.

गारपीट किंवा अवकाळी पाऊस एका तासात बाग झोपवतो आणि कांद्याचा भाव कधी पडेल ते सांगता येत नाही. ते आपल्या हातात नाही. परंतु भाव पडलेल्या वर्षीही फडताळात लाडवाचा डबा आणि मनुक्याची बरणी असणे आपल्या हातात आहे. ज्या वर्षी मिठाई आणणे परवडत नाही, त्याच वर्षी त्यांची किंमत कळते.

यंदा हंगामाच्या सुरुवातीला हिशोबाच्या वहीत औषधे, खते, मजुरी यांच्या वर एक ओळ लिहा : 'घरवाटा'. त्यापुढे प्रत्येक मालाचा आकडा घरातील सर्वांना विचारून भरा आणि तेवढा माल निघाल्यावरच बाकीची गाडी बाजाराला सोडा.